टाळ घरी ठेवून या

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याला नौपाड्यात राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी, वय ६६. घरात वारी आहे, स्वतः हरिपाठाचा वर्ग घेतात. पत्नी आठ महिन्यांपूर्वी गेली. शेवटचे तीन आठवडे ती रुग्णालयात होती. त्या दिवसांत वॉर्डात एकटी पडलेली माणसं पाहिली, तेव्हापासून अशांच्या उशाशी जाऊन बसावं, चार अभंग म्हणावेत, असं मनात आहे. परदेशात रुग्णालयांत चॅपलिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे धर्मसेवक, असतात असं त्यांच्या वाचनात आलं. तसं शिक्षण इथे मिळतं का, किती दिवसांचं असतं, सर्टिफिकेट लागतं का, आणि मुळात देवाचं नाव घ्यायला प्रशिक्षण कशाला, हे त्यांचे चार प्रश्न. पाचवा त्यांनी शेवटी ओझरता लिहिलाय. पत्नी शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, "आता वाचू नका, नुसते बसा." तिची श्रद्धा उडाली होती का?

काका, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करते. देवाचं नाव घ्यायला शिकवणी लागत नाही, खरं आहे. पण तुमच्या हरिपाठाच्या वर्गात कंटाळलेला माणूस चपला घालून निघून जाऊ शकतो. सलाइन लावलेला माणूस कुठे जाणार? तो ऐकून घेतो, वर हातही जोडतो. त्याला ते हवं होतं की तो तुम्हाला सोसत होता, हे ओळखणं शिकावं लागतं. मलाही लागलं.

मी मूळची वैद्यकीय समाजसेविका. नवी मुंबईत वॉर्डात एकोणीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्यात आणि ते काम करणारे स्वयंसेवक तयार करण्यात गेली. ओळखपत्रावर माझ्या नावाखाली काय छापलंय ते कुणी वाचत नाही. वॉर्डातल्या मावशी मला 'बसणाऱ्या मॅडम' म्हणतात, आणि हुद्दा म्हणून मला तोच जास्त बरोबर वाटतो. 'आध्यात्मिक' म्हटलं की पेशंट सावरून बसतो, आता प्रवचन येणार म्हणून.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. कोपरखैरण्याला राहणारे एक माथाडी कामगार होते, गाव साताऱ्याकडचं, वय अठ्ठावन्न. तोंडाचा कॅन्सर, जखम गालातून बाहेर आलेली. बोलणं बोबडं, पण समजायचं. मी दहा मिनिटं बसले आणि संध्याकाळी घरी येऊन आठवेल तसं सगळं कागदावर उतरवलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मी : कसं वाटतंय आज?
ते : काय वाटायचं.
मी : रात्री झोप लागली का?
ते : मॅडम, मार्केटात उभा जन्म माल उचलला. कुणाची एक गोण इकडची तिकडं केली नाही. मग हे माझ्याच वाट्याला का आलं?
मी : असं म्हणू नका. देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.
ते : हो.
मी : जेवण जातंय का?
ते : जातंय.

शनिवारी आमच्या गटात मी हे वाचून दाखवलं. मला वाटत होतं भेट बरी झाली. आमच्या मार्गदर्शक बाई वेल्लोरला शिकलेल्या, फार कमी बोलायच्या. त्यांनी त्या 'हो'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कसला हो?" मी म्हटलं, त्यांना पटलं. त्या गप्प. मग गटातली एक नर्स म्हणाली, "अगं, त्यांना राइल्स ट्यूब होती ना? जेवण जातंय का म्हणून काय विचारतेस?"

नाकातून नळी घातलेल्या माणसाला मी जेवणाचं विचारलं होतं. आणि त्याने माझी लाज राखायला 'जातंय' म्हणून सांगितलं होतं. म्हणजे त्या दहा मिनिटांत आधार कोणी कोणाला दिला ते बघा.

बाईंनी मग दुसरा प्रश्न टाकला : "ठीक होईल, हे तू कुणाला सांगत होतीस?" मी पंधरा मिनिटं वाद घातला. शेवटी रडत सांगितलं की माझे वडील याच आजाराने गेले. मी कॉलेजात होते, ड्रेसिंग मीच करायचे. त्या जखमेचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. खाटेशी तोच वास आला आणि मी पळाले. देव हाताशी होता, त्याच्या आड लपले. पुढच्या भेटीत नीट बसायचं असं ठरवून सोमवारी गेले, तर त्या खाटेवर दुसरा पेशंट. त्यांना घरी नेलं होतं. परत भेट झाली नाही.

या कागदाला आमच्या कामात व्हर्बॅटिम म्हणतात आणि सगळ्या प्रशिक्षणाचा कणा तोच आहे. भेट चालू असताना वहीत लिहायचं नाही, फोनवर रेकॉर्ड तर मुळीच करायचं नाही. त्याच दिवशी घरी येऊन दोघांची वाक्यं, मधले थांबे, कोण कुठे बघत होतं, सगळं लिहायचं. नाव बदलायचं, खाटेचा नंबर गाळायचा. मग गटात वाचायचं आणि आपण नेमक्या कुठल्या ओळीवर पळालो ते इतरांकडून ऐकून घ्यायचं. ऐकून घेणं सोपं नसतं. निवृत्त मुख्याध्यापकांना सगळ्यात जड जातं, हा माझा अनुभव (बँकवाल्यांचा अजून आलेला नाही).

ही पद्धत ज्या परंपरेतून आली तिचा उगम तुम्हा ठाणेकरांना आवडेल. अँटन बॉयसन नावाचा अमेरिकन धर्मोपदेशक १९२० साली गंभीर मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाला. आपल्याकडे 'ह्याला ठाण्याला न्या' म्हणतात ना, तसा त्याला खरोखरच नेला होता. बरा होऊन बाहेर आला आणि १९२४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयातच चॅपलिन म्हणून रुजू झाला. १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे मोजके विद्यार्थी तिथे आणले. त्याचं म्हणणं असं की ग्रंथ वाचता तितक्याच बारकाईने समोरचा जिवंत माणूस वाचा. डॉ. रिचर्ड कॅबट या वैद्याने त्याला साथ दिली. त्यातून 'क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन', म्हणजे सीपीई, उभं राहिलं. आज अमेरिकेत त्याचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं, त्यातला बहुतेक वेळ थेट वॉर्डात जातो, आणि प्रमाणित चॅपलिन व्हायला सहसा चार युनिटं लागतात. म्हणजे किती दिवसांचं, या तुमच्या प्रश्नाचं तिकडचं उत्तर सोळाशे तास.

इकडचं उत्तर वेगळं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅपलिनांचा स्वतंत्र विभाग आहे आणि सीपीईचं शिक्षण तिथे रुजलेलं आहे. अर्थात चौकट ख्रिस्ती. तुमच्या जिल्ह्यातच मीरा रोडला भक्तिवेदांत रुग्णालयात आध्यात्मिक सेवेचा वेगळा विभाग आहे. तिथली परंपरा कृष्णभक्तीची. तिसरी वाट पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात दुखणं हलकं करणाऱ्या सेवेची, आणि तुमच्यासारख्यांना मी तीच आधी सुचवते. केरळात शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून घरोघरच्या रुग्णांची काळजी घेणारं मोठं जाळं उभं राहिलंय. कोझिकोडची इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन आणि तिरुवनंतपुरमची डॉ. एम. आर. राजगोपाल यांची पॅलियम इंडिया, दोन्हीकडे स्वयंसेवक घडवण्याचा अनुभव दांडगा आहे. इथे मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. तिथे जाऊन नुसतं बघून आलात तरी पुष्कळ कळेल.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर भारतात या कामाला कायद्याने ठरलेली पदवी नाही, परवाना नाही. म्हणूनच दोन दिवसांचं शिबिर घेऊन रंगीत प्रमाणपत्र देणारे निघालेत. मी विचारते ते एकच : व्हर्बॅटिम किती लिहिलेत आणि कोणासमोर वाचलेत? पगारी नोकरी हवी असणाऱ्या तरुणांना मी सरळ एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायला सांगते. चॅपलिन म्हणून जागा आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या, वैद्यकीय समाजसेवकाच्या तरी निघतात.

आमच्याकडे बारा शनिवार असतात आणि दर आठवड्याला दोन वॉर्डभेटी. पहिले दोन शनिवार देवाचा विषयच नाही. हात कसे आणि कधी धुवायचे, खाटेवर का बसायचं नाही, सर्दी असेल त्या दिवशी का यायचं नाही. हिपॅटायटीस बीचे तीन डोस सुरू केल्याशिवाय मी कुणाला वॉर्डात नेत नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती, निरांजन काही नाही. लोकांना हे सांगावं लागतं, विश्वास बसणार नाही. तीर्थ, प्रसाद, अंगारा सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, कारण गिळता न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात चमचाभर पाणीही जाऊ शकतं.

गंगाजलावरून तर आमची एकदा चांगलीच फजिती झाली. शिकाऊ स्वयंसेविका होत्या एक, फार प्रेमळ. घणसोलीच्या एका आजींना शेवटची घटका आली असं वाटून त्यांनी पर्समधली कुपी काढली आणि ओठांवर दोन थेंब सोडले. आजी बौद्ध. आयुष्यभर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळलेलं घर. आजींनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात नाही ओ चालत." मुलगा मात्र शांत राहिला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. त्या घराला काय हवं होतं ते एका वाक्यात कळलं : नातीने उशाशी बसून त्रिशरण-पंचशील म्हणावं आणि तेवढा वेळ वॉर्डातला टीव्ही बंद असावा. टीव्ही बंद करणं हे त्या दिवशीचं माझं आध्यात्मिक काम.

दुसऱ्यांच्या रीती म्हणूनच नीट माहीत करून घ्याव्या लागतात. मुंब्र्याचा मुस्लिम पेशंट असेल तर शेवटच्या वेळी त्याचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडून साधारण पश्चिमेला, करता येईल का ते घरच्यांनी मागायच्या आधी सिस्टरला विचारून ठेवायचं. कॅथलिक रुग्णाचा तैलाभ्यंग संस्कार फक्त फादरच करू शकतात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसारख्या जवळच्या चर्चचा फोन नंबर हाताशी हवा. चौविहार पाळणाऱ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या, जैन आजोबांनी रात्रीची गोळी नाकारली, तर त्यांना समजावत बसण्यापेक्षा ती सूर्यास्ताआधी देता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं. आणि तुमच्या-माझ्या घरातली तुळशीची माळ! ऑपरेशनला नेताना वॉर्डबॉय ती कचकन कापायला निघतो. एका माउलींनी त्याचा हात धरला होता. आम्ही भूलतज्ज्ञांशी बोललो, माळ गळ्यातून काढून मुलाच्या हातात दिली, आणि थिएटरच्या दारात तो ती धरून उभा आहे हे बाईंना दिसेल अशी ट्रॉली वळवली.

पण रीतींचा तक्ता पाठ झाला म्हणजे माणूस कळला असं होत नाही. अॅडमिशनच्या कागदावर धर्म लिहिलेला असतो, बळ कुठून येतं ते लिहिलेलं नसतं. क्रिस्टिना पुखाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ च्या सुमाराला फिका नावाची छोटी प्रश्नावली तयार केली : श्रद्धा कशावर, तिचं आयुष्यात स्थान काय, सोबतीला कोण, आणि उपचारांत आम्ही त्याचं काय करावं. मराठीत ती तशीच्या तशी विचारली तर जनगणनेसारखी वाटते. मी एवढंच विचारते, "अशा वेळी कशाचा आधार वाटतो हो?" खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, उपचारांसाठी विदर्भातून आलेल्या एका शेतकऱ्याने मला उत्तर दिलं होतं, "पोरीच्या फोनचा. सव्वानऊला येते." त्याची पूजा सव्वानऊची. मग त्या वेळी ड्रेसिंग ठेवू नका, एवढं सिस्टरला सांगायचं आणि चार्जरची सोय बघायची. दिवाळे गावातल्या एका कोळीणबाईंना दुखण्यापेक्षा एकवीरेचा नवस फेडायचा राहिला याची तळमळ होती. भाऊ कार्ल्याला जाऊन आला, फोटो दाखवला, त्या रात्री त्यांनी झोपेची गोळी मागितली नाही. सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं, मनाचं, माणसांचं आणि आत्म्याचं दुखणं एकाच माणसात एकत्र दुखतं, हे त्या सांगायच्या. दिवाळ्याच्या बाईंनी मला ते औषधांच्या तक्त्यावर दाखवलं.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. एक आजोबा दुपारपासून म्हणत होते, "आई पायथ्याशी उभी आहे, बोलावतेय." आमचा स्वयंसेवक भारावला, हात जोडून बसला. मी गेले तर आजोबा चादर चिवडत होते, दिवस-रात्रीचं भान नव्हतं. सिस्टरला सांगितलं, रक्त तपासलं, सोडियम खाली गेलेलं. उपचारांनी दोन दिवसांत आई गेली आणि आजोबा चहा मागायला लागले. शेवटच्या दिवसांत शांतपणे आई दिसणारी माणसंही मी पाहिली आहेत, तिथे काहीच करायचं नसतं. फरक ठरवणं आपलं काम नाही. सिस्टरच्या कानावर घालणं आपलं. "आता जगायचं नाही" असं कुणी म्हणालं तर तेही गुपित राहत नाही, हे पेशंटला आपण आधीच सांगितलेलं असावं.

आणि आपल्याकडचं खास दुखणं : "त्यांना सांगू नका हं, कॅन्सर आहे म्हणून." दारातच मुलगा हे सांगतो. आत गेलं की वडील हात धरून विचारतात, "खरं सांगा, मला काय झालंय?" तुम्ही वडीलधारे, तुम्हाला तर हमखास विचारतील. निदान सांगायचा अधिकार आपला नाही, खोटं बोलायचाही नाही. मी म्हणते, "तुम्हाला काय वाटतंय?" दहातले आठ जण स्वतःच सांगतात. मग विचारायचं, डॉक्टरांशी तुम्ही समोरासमोर बोलावं असं मी त्यांना सांगू का. उपचारांबद्दल मत, कुठल्या बाबांचा पत्ता, काढा, पथ्य, यातलं काही आपल्या तोंडून निघालं की त्या दिवसापासून वॉर्ड बंद.

रुग्णालयात शिरायचं कसं, तर ओळखीने शिरू नका. वैद्यकीय अधीक्षकांना पत्र लिहा, समाजसेवा विभागातून जा. रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या एनएबीएच मानांकनात रुग्णाच्या श्रद्धा आणि सांस्कृतिक गरजा जपण्याचा मुद्दा आहे, त्यामुळे मोठी रुग्णालयं निदान ऐकून तरी घेतात.

आता तुमचं. आठ महिने फार कमी आहेत, काका. जवळचं माणूस गेल्यावर वर्ष व्हायच्या आत मी कुणाला खाटेशी बसवत नाही, आणि वर्षश्राद्ध झालं की लगेच घेतेच असंही नाही. ज्या रुग्णालयात ते माणूस गेलं तिथे तर पहिली दोन वर्षं नाहीच. माझ्या वडिलांच्या जखमेचा वास मला इतक्या वर्षांनीही आला, ते वर सांगितलंच आहे. तोवर बारा शनिवार येऊन मागे बसा, दुसऱ्यांचे व्हर्बॅटिम ऐका. अभंग सुटणार नाहीत, घाबरू नका, मागणारे मागतात, आणि रात्री नऊला कुणी आजी "काकडा येतो का हो तुम्हाला?" म्हणून विचारते तेव्हा येणारा माणूस आमच्याकडे हवाच आहे. फक्त टाळ घरी ठेवून या.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मी तिथे नव्हते, तुम्ही होता. पण एक दिसलं. पत्नीचं वाक्य तुम्ही अवतरणात लिहिलंय, अगदी तिच्या शब्दांत. त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते लिहिलेलं नाही. पोथी मिटली का, किती वेळ बसलात, तिचा हात कुठे होता, मग पुढचं कोण बोललं. शाळेची साधी दोनशे पानी वही घ्या, डावीकडे समास सोडा, आणि तेवढी पाच मिनिटं लिहून आणा. दुसऱ्यांदा वाचून सुधारू नका. वाचून कधी दाखवायचं, की दाखवायचंच नाही, ते नंतर बघू.